शिवसागरच्या काठावरून

ठाणे,
1 जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो तर तू ऑफिसात असतोस नाहीतर मी लोकलमध्ये, आणि ही गोष्ट तुटक सांगण्यासारखी नाही. म्हणून आज सकाळीच वही घेऊन बसलो.

गेल्या वर्षी काकूंच्या वर्षश्राद्धाला आलो होतो, तेव्हा तू मला गच्चीवर नेलंस आणि म्हणालास, "तुझ्या आईला तिच्या गावाला घेऊन जा. तिचे पाय चालतायत तोवर जा." तू रडत होतास, मी काही बोललो नाही. पण ते शब्द मनात घर करून राहिले. आणि आम्ही गेलो, सुहास. मेच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस. आई, मी, सुप्रिया, आर्या आणि सोबतीला धाकटी मावशी.

आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय हे तुला शाळेपासून माहीत आहे. धरण पूर्ण झालं 1964 मध्ये, पण पाणी त्याआधीच चढायला लागलं होतं. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. जावळी-पाटणकडची कितीतरी गावं अशीच उठली. काहींना ठाणे-रायगडकडे जमिनी दाखवल्या, काहींना सांगली-सोलापूरकडे. आमचे आजोबा मात्र लांब गेले नाहीत, चार घरांसोबत डोंगरात वर सरकले आणि तिथेच नवी वाडी वसवली. पुढे आई लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली. मामा होते तोवर ती वाडीला जायची, पण खाली पाण्याकडे कधी उतरायची नाही. मी लहानपणी हट्ट केला की म्हणायची, "काय बघायचंय? पाणी तर हाय."

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरलो. कासचं पठार मे महिन्यात नुसतं कातळ असतं, फुलांचा मागमूस नाही. पण पठार ओलांडून घाट उतरायला लागलं की डाव्या-उजव्या हाताला कोयनेचा जलाशय, शिवसागर दिसतो, डोंगरांच्या बोटांमधून आत शिरलेला. आर्याने गाडी थांबवायला लावली. मावशी उतरली, आई बसूनच राहिली.

बामणोलीत गाडी लावून लाँचने पलीकडे गेलो. आम्ही घेतलेलं कॉटेज एका गावकऱ्याचंच होतं. जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढे सारवलेला ओटा आणि ओट्याला टेकून एक वाकडा आंबा. श्रावणात पाणी अगदी अंगणाच्या खाली येतं म्हणे. आत्ता मात्र पंधरा मिनिटं उतरून जावं लागत होतं. पाणी जसजसं ओसरतं तसा काठाला तांबड्या मातीचा उघडा पट्टा पडत जातो, आणि सपाट जागी लोक गाळपेर करतात. घरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी नाचणीची भाकरी, फणसाची भाजी आणि सुकटीची चटणी वाढली. आईने तीन भाकऱ्या खाल्ल्या. ठाण्यात ती एक चपाती कशीबशी संपवते!

दोन दिवस मुलीचेच. पोहायचा तिचा फार हट्ट होता, पण तळ चिखलाचा आणि एकदम खोल, म्हणून लाइफ जॅकेट घालून लाँचवाल्या दादांच्या नजरेसमोरच पाण्यात उतरायचं असं ठरलं. करवंदं खाऊन तिचं तोंड काळंनिळं झालं. वासोट्याला जायचं आम्ही टाळलं. आईला एकटं ठेवून जाणं जिवावर आलं, आणि तो किल्ला कुठे पळून जात नाही. रात्री लाइट गेले की ओट्यावर बसायचो. समोरच्या झाडीत काजवे चमकायला सुरुवात झाली होती, अजून तुरळक होते.

अशाच रात्री आईने भूकंपाचं सांगितलं. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. वरच्या नव्या घरात झोपले होते सगळे. आजी ओरडली, भांडी कोसळली, गोठ्यातली जनावरं दावी तोडायला लागली. महिनाभर माणसं शेतात झोपली, थंडीच्या कडाक्यात. "आधी पान्यानं उठवलं, मग भुईनं," आई म्हणाली. इतकी वर्षं मी तिच्यापाशी राहतोय, आणि हे मला पहिल्यांदा कळत होतं. माझा मलाच राग आला, सुहास. आपण आईबापांना त्यांच्या गुडघ्यांविषयी विचारतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, बाकी काही विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "चल, जाऊ." बस, इतकंच. लाँचवाल्या दादांना मी जुन्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी वळून आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमचं पन पान्याखालीच हाय, आजी. या वर्साला पानी बरंच उतारलंय, घावंल." अर्धा तास गेलो. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता झाली की टिटवीचा आवाज डोंगराला आपटून परत यायचा.

उतरल्यावर पहिलं काही कळेना. भेगाळलेला चिखल, शिंपले, मध्ये मध्ये दगडांचे ढीग. मातीच्या भिंती केव्हाच विरघळल्या. तुळया, दारं, कौलं तर माणसांनी उठतानाच काढून नेली होती, ग्रामदैवतसुद्धा वर नेलं. आई जमिनीकडे बघतच नव्हती. ती समोरच्या डोंगराची सोंड बघत होती, मग ओढ्याची घळ, मग पुन्हा सोंड. आणि चालायला लागली. काठी माझ्या हातात राहिली.

एका जोत्यापाशी थांबली. काळ्या दगडांची एक ओळ, बाकी काही नाही. ती खाली बसली आणि हाताने गाळ बाजूला करायला लागली. मी मदतीला वाकलो तर म्हणाली, "राहू दे." गाळ वरून कोरडा होता, खाली ओला, लोण्यासारखा. वीतभर खाली दगडात कोरलेलं उखळ निघालं. तिने त्यात बोटं फिरवली. आतली बाजू इतकी गुळगुळीत होती की उन्हात चमकली. पदराच्या टोकाने तिने ते पुसून काढलं, जसं घरात पाहुणे यायच्या आधी पुसतात तसं.

"हितं आई कांडायची. ह्या अंगाला चूल हुती. हे माजघर, आनि हितनं परसदार."

मग ती उठली आणि पावलांनी घर मोजायला लागली. आर्या तिच्यामागे वही घेऊन. अकरा पावलं लांब, सात रुंद. गोठा वेगळा. आर्या विचारत होती, आई सांगत होती, आणि मध्येच चुकलं की परत मागे जाऊन मोजत होती. मावशीला काहीच आठवत नव्हतं, ती तेव्हा कडेवर होती. ती बिचारी बहिणीचा हात धरून नुसती सोबत चालत राहिली. मी रडलो, ते तुला सांगायला मला लाज नाही. आई रडली नाही.

येताना तिने काठावर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. बराच वेळ. "गार हाय," म्हणाली, आणि हसली.

कोयनेची आजची वीजनिर्मितीची क्षमता 1,960 मेगावॉट आहे. इथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीच्या वीजघराकडे उतरतं आणि पुढे वाशिष्ठीतून चिपळूणच्या अंगाला जातं. आपण ज्या दिव्याखाली अभ्यास केला, त्यातही या पाण्याचा वाटा होता. आणि मामांच्या वाडीत वीज यायला मात्र कितीतरी वर्षं गेली. साठ वर्षं होऊन गेली, तरी कितीतरी धरणग्रस्तांची जमिनीची प्रकरणं अजून मिटलेली नाहीत. लाँचवाले दादाही त्यांतलेच एक, आजोबांच्या नावाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. हा अन्याय आहे. महाराष्ट्र ज्यांच्या घरादारावर उजळला, त्यांचं देणं आधी फिटायला हवं होतं.

पत्रासोबत आर्याने काढलेल्या नकाशाची प्रत ठेवतोय. तांबड्या पेनाच्या खुणा आईच्या आहेत. गोठ्याचं दार आर्याने उगवतीला काढलं होतं, ते तिने खोडून मावळतीला केलंय. परसदारी जे झाड दिसतंय तो फणस. त्याचा आता बुंधाही नाही, पण तो काढल्याशिवाय तिने कागद हातात घेतला नाही.

पुढच्या मेमध्ये पुन्हा जायचं ठरलंय, तिसऱ्याच आठवड्यात, पाणी तेव्हा बरंच खाली असतं. आईने तुला आणि वहिनींना आणायला सांगितलंय. रजेचं आधी बघून कळव, दोन खोल्या पुरणार नाहीत, तिसरी सांगून ठेवावी लागेल.

तुझा,
अवधूत