आबांच्या रंध्याला नवं पातं

जळगाव

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

आबांचा रंधा बाभळीवर नाचतो, म्हणून नवाच घ्यावा म्हणतोस. नको घेऊ. तो स्टॅन्ली कंपनीचा चार नंबरचा रंधा आहे. त्याचं ओतीव अंग इतक्या वर्षांत चांगलं मुरलंय. कमी पडतंय ते पातं. जुनं पातं जेमतेम २ मिलिमीटर जाड. बाभळीची गाठ आली की थरथरतं आणि फळीवर बारीक पायऱ्या उमटतात. २ इंच रुंदीचंच, पण ३ मिलिमीटर जाडीचं घे.

मात्र ते आणलं नि बसवलं, असं होत नाही. पातं ४५ अंशांत तिरपं बसतं, त्यामुळे जाडी १ मिलिमीटरने वाढली की धार जवळजवळ दीड मिलिमीटर पुढे येते. पातं तळातून जिथून बाहेर येतं त्या तोंडातली फट बुजते, छिलका अडकतो. आधी पात्याखालची बैठक थोडी मागे सरकव. तेवढ्याने भागलं नाही, तर तोंडाची पुढची कड कानशीने घास. पुढचीच! मागच्या कडेला हात लावायचा नाही. दोन-चार हात मार, पातं लावून बघ, मग पुढे जा.

मागचं पितळी चाक फिरवलं की एक छोटा दात पात्याच्या खाचेतून वरच्या पट्टीत, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या छिलका मोडायच्या पट्टीत, अडकतो. पातं फार जाड झालं की तो पट्टीपर्यंत पोचत नाही आणि चाक नुसतं फिरत राहतं. म्हणून दुकानात रंधा सोबत घेऊनच जा.

वरची पट्टी लगेच बदलू नकोस. पात्याला जोडून उजेडाकडे धर. मधून उजेड दिसला तर तिची कड दगडावर घास. बाभळीसाठी ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेव.

पात्याचं पोलाद ए-टू नावाचं, हत्यारांचं कडक पोलाद, मिळालं तर तेच घे. धार लावायला वेळ खातं, पण टिकतं. सातपुड्याचं सागवान हाताला मऊ वाटतं, पण त्यात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार पार मारून टाकते. तुझं निम्मं काम सागवानाचंच, तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मूठ हलते म्हणून प्लॅस्टिकची बसवू नकोस, मला ते बघवणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाकूड आकसतं. मग आतली लांब सळई खाली टेकते आणि वरची चकती कितीही आवळली तरी मूठ घट्ट होत नाही. सळईचं टोक थोडं घासून कमी कर, मूठ जागेवर बसेल.

आबांनी गावातल्या कितीतरी चौकटी याच रंध्याने केल्या. तो कपाटात नको, तुझ्या हातात हवा. जुनं पातंही तेल लावून ठेव, हलक्या लाकडाला ते अजून छान चालतं.

आईने कळण्याचं पीठ दिलंय. रविवारच्या गाडीने पाठवतो, उतरवून घे.

तुझे,
नाना