व्हीपीएनचे काम अपूर्ण ठेवून कार्यालयाचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवल्याबाबत तक्रार

दिनांक : २२ जुलै २०२५
धंतोली, नागपूर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फायरवॉलवरील व्हीपीएन जोडणीच्या सेवेतील गंभीर त्रुटी आणि तिची तातडीने दुरुस्ती करून मिळण्याबाबत.

महोदय,

धंतोली येथील माझ्या कर सल्लागार कार्यालयासाठी मी गेल्या एप्रिल महिन्यात आपल्याकडून एक लहान फायरवॉल, म्हणजे कार्यालयाचे जाळे आणि इंटरनेट यांच्यामधले राखणदार यंत्र, घेतली. ती बसवून देणे आणि माझ्या तीन सहकाऱ्यांना घरून व्हीपीएनमार्फत, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खाजगी जोडणीतून, कार्यालयाच्या सर्व्हरवरील टॅलीमध्ये काम करता येईल अशी व्यवस्था करून देणे, हे काम आपल्या दरपत्रकात स्वतंत्र रकमेसह नमूद आहे. माझी एक सहकारी कामठीहून आणि दुसरी मनीषनगरहून येते, तिसरे गृहस्थ वाडीला राहतात. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे भरायची असल्याने त्या सुमारास रात्री उशिरापर्यंत काम चालते, आणि ते त्यांना घरून करता यावे एवढ्याचसाठी मी हा खर्च केला. तीन महिने उलटून गेले तरी ही जोडणी एकदाही धडपणे चाललेली नाही.

पहिले दोन महिने तर जोडणी लागलीच नाही. आपले तंत्रज्ञ चार वेळा आले आणि प्रत्येक वेळी पासवर्ड बदलून, लॅपटॉपवरील व्हीपीएनचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून गेले. वास्तविक कारण त्यांनीच पहिल्या दिवशी भरून दिलेल्या पत्रकावर लिहिलेले होते. त्यावर फायरवॉलचा बाहेरील आयपी पत्ता (इंटरनेटवरील अंकी पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा पट्टा, एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देणाऱ्या इंटरनेट कंपन्यांसाठी २०१२ साली राखून ठेवण्यात आला आहे. वाड्यात पन्नास बिऱ्हाडे असावीत आणि पाकिटावर फक्त वाड्याचे नाव असावे, तशी ही गत आहे : आतून टाकलेले पत्र बाहेर जाते, पण बाहेरून आलेले नेमक्या बिऱ्हाडात पोहोचत नाही. अशा जोडणीवर व्हीपीएनसाठी ५०० आणि ४५०० ही पोर्टे (जोडणी आत येण्याची क्रमांकित दारे) फायरवॉलमध्ये कितीही उघडली तरी बाहेरची हाक तिच्यापर्यंत येतच नाही. फायरवॉलच्या पडद्यावरील पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता ताडून पाहिले असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. अखेर जूनमध्ये मीच चौकशी करून इंटरनेट कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आमचाच न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घेतला.

त्यानंतर व्हीपीएन जोडले जाऊ लागले, परंतु घरच्या वायफायवरून सर्व्हर उघडत नसे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र तोच लॅपटॉप बिनतक्रार चाले, आणि ही गोष्ट मी आपल्या तंत्रज्ञांना फोनवर दोनदा सांगितली. कार्यालयाच्या आतील पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि तिघांच्याही घरच्या राउटरचे पत्तेही तसेच आहेत, त्यामुळे लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत राहतो. कार्यालयातील पत्त्यांचा पट्टा बदलणे हा यावरचा सरळ उपाय होता. त्यासाठी प्रिंटर आणि सर्व्हरची मांडणी पुन्हा करावी लागली असती, म्हणजे फार तर एका रविवारचे काम.

आपल्या तंत्रज्ञांनी ते केले नाही. त्यांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिमोट डेस्कटॉपचे (दुरून सर्व्हरचा पडदा उघडून काम करण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून सर्व्हरकडे वळवले, तिघांना एकच वापरकर्ता नाव आणि पासवर्ड दिला आणि पत्रकावर ‘काम पूर्ण’ असे लिहून माझी सही घेतली. हे व्हीपीएन नव्हे, हे त्यांनी मला सांगितले नाही. माझी या पत्रातील मुख्य तक्रार हीच आहे.

१८ जुलैच्या सकाळी सर्व्हरवरील आमचे खाते लॉक झालेले आढळले. माझ्या परिचयातील एका नेटवर्क अभियंत्यांनी येऊन विंडोजच्या सुरक्षा नोंदी उघडल्या, तेव्हा ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी पडद्यामागून पडदे भरून दिसल्या, आणि त्यांतील बहुतेक पत्ते आमच्यापैकी कोणाचेही नव्हते. त्यांनी आपल्या मोबाइलच्या इंटरनेटवरून आमचा स्टॅटिक आयपी टाकताच माझ्या सर्व्हरचा लॉगिनचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर उघडला. त्या सर्व्हरवर माझ्या अशिलांचे पॅन, आधारच्या प्रती आणि बँकांची विवरणे आहेत. ही माणसे माझ्यावर विश्वास ठेवून कागद देतात, आणि तो विश्वास दोन आठवडे असा रस्त्यावर पडून होता, हे मला अजूनही सहन होत नाही. कोणी प्रत्यक्ष आत शिरल्याची नोंद सापडली नाही, हे आमचे नशीब.

ते पोर्ट तत्काळ बंद करावे म्हटले तर फायरवॉलचा ॲडमिन पासवर्ड आमच्याकडे नाही, कारण तो ग्राहकाला न देण्याचे आपले धोरण असल्याचे आपल्या कार्यालयाने फोनवर सांगितले. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली मालकाला न देणे मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नाही. शेवटी इंटरनेटची वायर उपसून ठेवावी लागली आणि २० तारीख तोंडावर असताना कार्यालय दीड दिवस इंटरनेटविना राहिले.

तरी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपण अनुभवी अभियंता पाठवून कार्यालयातील पत्त्यांचा पट्टा बदलून द्यावा, तिघांसाठी वेगवेगळी खाती आणि मोबाइलवरील ओटीपीसह खरे व्हीपीएन सुरू करावे आणि ते तिघांच्याही घरच्या वायफायवरून चालते हे माझ्यासमोर दाखवावे. ॲडमिन पासवर्ड आणि मांडणीची बॅकअप फाइल त्याच दिवशी माझ्या ताब्यात मिळावी. फायरवॉलवरील नोंदी कोणीही पुसू नयेत, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि मला त्या तपासून घ्यायच्या आहेत. हे आपल्याकडून होणार नसेल, तर बसवणी आणि व्हीपीएनपोटी घेतलेली पूर्ण रक्कम जीएसटीसह परत करावी. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नागपूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्या कायद्यात ग्राहक मानले आहे, याची मी खात्री करून घेतली आहे.

देयक, दरपत्रक, आपल्या तंत्रज्ञांनी भरलेली सर्व पत्रके आणि सुरक्षा नोंदींच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
कर सल्लागार, धंतोली, नागपूर