‘तो संकेत परग्रहावरचा नव्हता’ हीही बातमीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंतराळात प्रगत परकीय तंत्रज्ञानाची खूण सापडल्याची शक्यता वर्तवली गेली की ती बातमी ठळक मथळ्याने छापली जाते. पुढे त्याच खुणेचा उगम नैसर्गिक किंवा मानवी असल्याचे सिद्ध होते, तेव्हा त्याला चार ओळींचीही जागा मिळत नाही. या विषयाचा जुना वाचक म्हणून मला हे फार खटकते, कारण या शोधातले खरे शास्त्र त्या दुसऱ्या बातमीत असते.

ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घ्यावे. ४.२ प्रकाशवर्षे दूर असलेल्या प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या, एप्रिल-मे २०१९ मधील निरीक्षणांत ९८२ मेगाहर्ट्झच्या आसपास एक अत्यंत अरुंद, म्हणजे जवळजवळ एकाच वारंवारतेचा, संकेत आढळला. दुर्बीण ताऱ्याकडे रोखलेली असताना तो दिसे आणि बाजूला वळवली की नाहीसा होई. शिवाय त्याची वारंवारता संथपणे सरकत होती, जशी पृथ्वीच्या सापेक्ष हलणाऱ्या स्रोताची सरकते. इतका अरुंद रेडिओ संकेत निर्माण करणारी कोणतीही नैसर्गिक प्रक्रिया ज्ञात नाही, त्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये ही वार्ता फुटताच जगभर खळबळ माजली. ही निरीक्षणे करणाऱ्या, परग्रहावरील संकेत शोधणाऱ्या ‘ब्रेकथ्रू लिसन’ प्रकल्पाच्या संशोधकांनी मात्र आपल्याच नोंदी पुन्हा उकरल्या. तशाच धाटणीचे सुमारे साठ संकेत त्यांना इतर वारंवारतांवर मिळाले, आणि त्यांतले काही तर दुर्बीण ताऱ्यापासून दूर वळवलेली असतानाही उमटलेले होते. पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या लहरींची ती सरमिसळ होती, असा निष्कर्ष ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या हाती आलेला सर्वांत आशादायक पुरावा इतक्या चिकाटीने स्वतःच खोडून काढणाऱ्या या माणसांबद्दल मला नितांत आदर वाटतो.

केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचेही असेच झाले. त्याचा प्रकाश मधूनच २२ टक्क्यांपर्यंत घटतो, हे २०१५ मध्ये कळल्यावर त्याभोवती कुणी महाकाय रचना उभारली असावी, अशी चर्चा रंगली. घन वस्तूने सर्व रंगांचा प्रकाश सारखाच अडवला असता; प्रत्यक्षात, नंतर मोजलेल्या घटींत निळा प्रकाश अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशापेक्षा अधिक मंदावत होता, म्हणजे आड येत होती ती बारीक धूळ.

काहीच न सापडणे हेही निश्चित ज्ञान असू शकते. ताऱ्याची बहुतेक ऊर्जा वापरणाऱ्या संस्कृतीला उरलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकावीच लागेल, हा भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांचा १९६० चा विचार. त्याआधारे २०१५ पर्यंत सुमारे एक लाख दीर्घिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि स्वतःतल्या ताऱ्यांचा बहुतांश प्रकाश अशा रीतीने खर्ची घालणारी एकही दीर्घिका दिसली नाही. याउलट रेडिओ संकेतांचा शोध अजून इतका अपुरा आहे, की २०१८ मधील एका गणितानुसार झालेला शोध आणि शोधायचे उरलेले क्षेत्र यांचे प्रमाण मोठ्या हौदातले पाणी आणि पृथ्वीवरचे सारे महासागर यांच्याएवढे आहे. ‘साठ वर्षांत काही मिळाले नाही, म्हणजे विश्वात कुणीच नाही’ हे विधान म्हणूनच घाईचे ठरते.

थट्टेची किंमत या क्षेत्राने पूर्वी मोजलेली आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेला ‘नासा’चा परग्रहावरील संकेतांचा शोधप्रकल्प राजकीय टवाळीचा विषय झाला आणि अमेरिकी काँग्रेसने वर्षभरातच त्याचा निधी बंद केला. सनसनाटी मथळ्यांमुळे अशा टवाळीला खतपाणीच मिळते.

म्हणून आपणांस विनंती आहे, की असा दावा छापताना तो दुसऱ्या दुर्बिणीने पडताळला आहे का, हे पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे आणि त्याचा अंतिम निकाल लागेल तेव्हा तोही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक