गाडी घेण्यापूर्वी: चालक-साहाय्य यंत्रणेविषयी मित्रास पत्र

लातूर,
दि. २ डिसेंबर २०२५

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नवी गाडी घेताना चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा, म्हणजे शोरूमवाले जिला ‘एडीएएस’ म्हणतात ती, असलेले मॉडेल घ्यावे का आणि तिच्यासाठी वरचे सव्वा लाख मोजावेत का, असे तू विचारले आहेस. मी इतकी वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत असल्यामुळे माझ्याकडून एका शब्दाचे उत्तर मिळेल, अशी तुझी अपेक्षा असेल. माझ्या मते ती घ्यावी; पण तू कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या वेळी गाडी चालवतोस, यावर तिचा भरवसा किती धरायचा हे ठरते, आणि तुझे तर दोन अगदी निराळे रस्ते आहेत. एक मुलीकडे नागपूरला जाण्याचा समृद्धी महामार्ग, आणि दुसरे बियाण्यांच्या प्लॉटवर जाताना लागणारे जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडचे रस्ते, जिथून तू बहुधा दिवेलागणीनंतरच परततोस.

यंत्रणा काय करते ते थोडक्यात सांगतो. पुढच्या काचेच्या आत, आरशामागे एक कॅमेरा असतो, आणि बहुतेक गाड्यांत समोरच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडणारे रडार असते. कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे, वाहनांचे आकार आणि माणसे ओळखतो; रडार समोरच्या वस्तूचे अंतर आणि वेग मोजते. या माहितीवरून गाडी चालकाला सावध करते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, पट्टा ओलांडू लागल्यास स्टीअरिंग हलकेच आत ओढते आणि धडक होणार असे दिसल्यास स्वतः ब्रेक लावते. आपल्याकडे २०२० साली एमजी ग्लॉस्टरमध्ये आणि २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ही सोय आली आणि आता ती मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. गाडी स्वतः किती चालते हे सांगणाऱ्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्यांमध्ये तुला मिळणारी गाडी फार तर दुसऱ्या पातळीवरची असेल. तिथे स्टीअरिंग आणि वेग या दोन्हींना गाडी हातभार लावते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच राहते. विक्रेता बोलताना हे वाक्य घाईत उरकतो, म्हणून मी ते आवर्जून लिहीत आहे.

समृद्धीपुरते बोलायचे तर मी या यंत्रणेच्या पूर्ण बाजूने आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे, दुभाजकामुळे समोरून कोणी येत नाही आणि पट्टे स्पष्ट आहेत. कॅमेऱ्याला आणि रडारला हवा असतो तो असाच रस्ता. माणसाला मात्र तोच रस्ता जड जातो. वळण नाही, गाव नाही, टपरी नाही, त्यामुळे सिंदखेडराजा मागे पडले की डोळे उघडे असूनही लक्ष विझू लागते. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ६७ मीटर ती कोणीच चालवत नसते. त्या दोन सेकंदांत पट्टा सोडल्याबरोबर हाताखाली स्टीअरिंग थरथरले किंवा पुढचा ट्रक मंदावताच गाडीने वेग कमी केला, तर केवढे तरी वाचते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धडकेची सूचना देऊन आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलेले आढळले. सुरक्षेच्या एखाद्या साधनाचा एवढा स्पष्ट परिणाम क्वचितच दिसतो.

तुझे रोजचे जाणे-येणे मात्र समृद्धीवर नाही, आणि माझी खरी काळजी तिथेच सुरू होते. सध्या ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. गोदाकाठच्या फडांतून निघालेला, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो, त्याच्या मागे लाल दिवा नसतो, उसाची टोके ट्रॉलीबाहेर लोंबत असतात, आणि टायर बसला की चाकाला दगड लावून तो भर रस्त्यातच उभा केला जातो. याच दृश्यापुढे ही यंत्रणा सर्वांत दुबळी ठरते, आणि त्याची कारणे तिच्या रचनेतच आहेत. रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, पूल आणि खांब हे सगळे रडारला स्थिर वस्तू म्हणूनच दिसतात. त्या प्रत्येकाला पाहून गाडी ब्रेक मारू लागली तर चालवणेच अशक्य होईल, म्हणून जास्त वेगात स्थिर वस्तूंवरून परतणाऱ्या लहरींना कमी महत्त्व देण्याची पद्धत रूढ झाली. अशा वेळी उभ्या वाहनाची ओळख बव्हंशी कॅमेऱ्यावर येऊन पडते, आणि अंधारात, दिव्याविना, उसाखाली झाकलेला आकार ओळखणे कॅमेऱ्याला कठीण जाते. त्याच अमेरिकी संस्थेच्या दुसऱ्या पाहणीत, पादचारी ओळखून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे पादचाऱ्यांना धडक बसण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी झाले होते, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात तिचा फरक दिसलाच नाही. घनसावंगीच्या रस्त्यावर दिवे कुठे आहेत? बैलगाडी, रस्त्यावर पसरलेली सोयाबीनची रास, अचानक आडवा येणारा रोही (नीलगाय), यांपैकी कशावरही तिचा भरवसा धरता येत नाही. जनावरे ओळखली जातीलच असे नाही, हे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही लिहिलेले असते.

पट्टा राखण्याच्या सोयीचेही असेच. डांबरावरचे पट्टे पुसलेले, कडेची साइडपट्टी वीतभर खचलेली, समोरून काळीपिवळी अर्धा रस्ता व्यापून येते आहे, अशा वेळी खड्डा चुकवण्यासाठी तू इंडिकेटर न देता गाडी बाजूला घेतोस आणि स्टीअरिंग तुझ्या हाताविरुद्ध ओढ घेते. ती ओढ थोड्या जोराने मोडता येते, तरी ऐन क्षणी मन गोंधळते. गावाकडच्या रस्त्यावर ही सोय खुशाल बंद ठेव. आपोआप अप्पर-डिपर करणारे दिवेही तिथे हातानेच चालवलेले बरे, कारण समोरच्या गाडीचे दिवे पाहून ते डिपर होतात, पण बिनदिव्याच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांचा विचार तुलाच करावा लागेल. आपोआप लागणारा ब्रेक मात्र कुठेही बंद करू नकोस. एखादी दुचाकी अचानक पुढे घुसल्यावर गाडीने स्वतः करकचून ब्रेक मारला तर मागचा टेम्पो आपल्यावर येऊन आदळेल, ही तुझी शंका रास्त आहे आणि आपल्याकडे मागचा चालक किती अंतर ठेवतो हे आपण जाणतोच. तरीही २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत सर्वाधिक दुचाकीस्वार होते आणि त्याखालोखाल पायी चालणारे. गाडीच्या बाहेर असलेल्या त्या माणसासाठी लागणारा ब्रेक मला मागच्या धक्क्याच्या भीतीपेक्षा फार मोलाचा वाटतो.

सर्वांत मोठा तोटा यंत्रात नाही, तो सवयीत आहे, आणि याविषयी मला फार कळकळीने बोलावेसे वाटते. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात टेस्लाची गाडी ‘ऑटोपायलट’ या तिच्या चालक-साहाय्य यंत्रणेवर चालत असताना महामार्ग आडवा ओलांडणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक ठार झाला. सरकारी तपासात त्याचा यंत्रणेवरील अतिविश्वास हेही एक कारण नोंदले गेले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये, चालकाचे लक्ष रस्त्यावर आहे की नाही हे तपासण्याची व्यवस्था कडक करण्यासाठी, त्या कंपनीला अमेरिकेत वीस लाखांहून अधिक गाड्यांच्या प्रणालीत बदल करावा लागला. आठवडाभर गाडीने व्यवस्थित अंतर राखले की माणूस आठव्या दिवशी मोबाइल हातात घेतो. म्हणून गाडी मुलगा चालवत असेल तेव्हाही, समृद्धीवर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखण्याची सोय, लावला म्हणजे गाडी आता यंत्रणेच्या हवाली झाली असे तो समजत नाही ना, याकडे तुझे लक्ष असू दे.

देखभालीच्या काही गोष्टी विक्रेता बहुधा सांगणार नाही. काळ्या मातीचा चिखल रडारच्या जागेवर बसला किंवा काचेवर धुळीचा थर चढला की यंत्रणा आंधळी होते. दसऱ्याला गाडीला घातलेला झेंडूचा जाड हार नेमका रडारसमोर लोंबत राहिला तर तोही अडथळाच ठरतो, म्हणून पूजा झाल्यावर तो काढून मगच गाडी रस्त्यावर आण. पुढे लोखंडी गार्ड बसवू नकोस. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ सालीच तशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे, आणि ते रडारच्याही आड येतात. पुढची काच बदलावी लागली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि ते काम चौकातल्या गॅरेजमध्ये होत नाही. विम्यात काच, बंपर आणि सेन्सर यांचा पूर्ण खर्च धरला आहे का, हे आधी लेखी विचारून घे.

याच संदर्भात एक गोष्ट मला मोटारींपेक्षाही महत्त्वाची वाटते. मोठ्या बस आणि मालवाहू ट्रकांसाठी आपोआप लागणारा ब्रेक, पट्टा सोडल्याची सूचना आणि चालकाच्या पेंगण्याची सूचना या गोष्टी सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ साली काढला. रात्रभर बस हाकणाऱ्या चालकाला आणि त्याच्या मागे झोपलेल्या प्रवाशांना या साहाय्याची गरज तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. माझ्या वर्गातील मुले उद्या हीच वाहने दुरुस्त करणार आहेत, त्यामुळे हा विषय त्यांच्या शिक्षणात लवकर यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तेव्हा सव्वा लाखाचे मॉडेल घे. मात्र गाडी निवडताना चाचणीसाठी ती जालन्याच्या बायपासवर फिरवून समाधान मानू नकोस. अंबडच्या रस्त्यावर, सूर्य मावळल्यावर ने, आणि कोणती सूचना कधी येते, कोणती येतच नाही, कोणते बटण काय बंद करते, हे विक्रेत्याला शेजारी बसवून पाहा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर समोरच्या दिव्यांची तिरीप अजून त्रास देत असेल तर रात्रीचा वेग ६० च्या आत ठेव, गाडीत काहीही बसवलेले असले तरी.

आणि तुझ्या दुकानात बियाणे न्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या ट्रॉल्यांना, परवानगी विचारून, मागे आणि दोन्ही बाजूंना रेडियमची लाल-पांढरी पट्टी तुझ्या खर्चाने लावून द्यायला सुरुवात कर. मी इथे ऊस वाहतूक करणाऱ्यांमध्ये तेच करतो आहे. पट्टीचा एक मोठा रोल तुझ्यासाठी बाजूला ठेवला आहे, पुढच्या आठवड्यात जालन्याकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र,
माधव