सनबेड म्हणजे उपचार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी सोबत काय न्यावं, याची यादी आपल्या पुरवणीत वाचली. कुकरपासून थर्मलपर्यंत सगळं आलंय, एक गोष्ट मात्र राहिली.

माझी मुलगी मँचेस्टरला शिकते. नोव्हेंबर संपता संपता तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तिच्या खोलीतली नागपूरची मैत्रीण सतत दमलेली असायची. कुणीतरी सांगितलं, ड जीवनसत्त्व कमी असेल, सनबेडवर दहा मिनिटं पडून ये. सनबेड म्हणजे कातडी रापवण्यासाठी अतिनील किरणांच्या नळ्या बसवलेली, माणूस आडवा मावेल एवढी पेटी. पोरगी दोनदा जाऊन आली आणि पाठ, खांदे भाजल्यासारखे लाल झाले. मुरुमांसाठी तिचं डॉक्सिसायक्लिन चालू होतं. त्या गोळ्यांनी त्वचा अशा किरणांना हळवी होते, पण दुकानात कुणी विचारलंच नाही. लेक फोनवर मला म्हणाली, "आई, तुमच्या ओपीडीत कोडाच्या पेशंटना देता तेच ना हे?"

नाही, ते हे नव्हे. मी बावीस वर्षं त्वचाविभागात परिचारिका होते. कोड किंवा सोरायसिससाठी आम्ही बहुधा ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण देत असू, तेही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत. सुरुवात अगदी थोड्याने. डोळ्यांवर गडद चष्मा, दर खेपेची नोंद, चालू औषधांची चौकशी, आणि कातडी जास्त लाल दिसली की त्या दिवशी उपचार बंद. सनबेडमधून निघतात ते मुख्यतः यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचाच दुसरा प्रकार, आणि शक्तिशाली यंत्रांत त्यांचा मारा भर दुपारच्या उन्हाच्या १० ते १५ पट असू शकतो. शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीमुळे. म्हणजे ज्यासाठी पोरी जातात ते थोडंच मिळतं आणि कातडी मात्र भाजून निघते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींत घातली. पस्तिशीच्या आत पहिल्यांदा सनबेड वापरणाऱ्यांत मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या घातक कर्करोगाचा, धोका ५९ टक्क्यांनी वाढतो, असं ही संघटना सांगते. ब्राझीलने २००९ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली, पुढे ऑस्ट्रेलियानेही असा धंदा बंद केला. इंग्लंडमध्ये बंदी आहे ती फक्त अठरा वर्षांखालच्यांना. आपली मुलं बाविशी-तेविशीची, त्यांना कुणी अडवत नाही.

"आपण सावळे, आपल्याला काय होणार?" असंही ऐकलं. सावळ्या कातडीला त्वचेचा कर्करोग कमी होतो, हे खरं. पण काळे डाग, अकाली सुरकुत्या आणि डोळ्यांना होणारी इजा रंग बघून टळत नाही.

थकवा टिकला तर तिथल्या डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं. थायरॉईड असेल, हिमोग्लोबिन कमी असेल. ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांना वर्षभर. गोळी तिथे साध्या दुकानातही मिळते.

आपल्या यादीत तेवढी एक ओळ घालावी, ही विनंती. सप्टेंबरची मुलं निघायच्या आधी छापलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा