वाटणीच्या आधी वाच

बांतुल, योग्याकार्ता (जावा बेट, इंडोनेशिया)
१२ मे

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज तीनदा वाचला. फोनवर दोन मिनिटांत बोलून टाकावं असं हे प्रकरण नाही, म्हणून पत्र लिहायला बसलोय. रात्रीचे नऊ वाजलेत. वाडी झोपली आहे. पाटाच्या पाण्याचा आणि बेडकांचा आवाज तेवढा येतोय, अगदी आपल्या भोरकडे श्रावणात येतो तसा.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, इथं तुला चार गुंठे घेता येणार नाहीत. पूर्ण मालकीला इथं 'हक मिलिक' म्हणतात. हक म्हणजे आपला हक्क आणि मिलिक म्हणजे मालकी, दोन्हीकडे अरबीतून आलेले शब्द. १९६० च्या जमीन कायद्यानं ही मालकी देशाच्या नागरिकांपुरती ठेवली आहे. शेतजमिनीचा नियम तर आणखी कडक. मालकानं त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहायला हवं. शहरात बसून भातजमीन नुसती धरून ठेवायची नाही, असा त्यामागचा विचार. सगळे तो पाळतात असं नाही, पण असा नियम आहे हेच मला फार आवडलं.

आता तू जे विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस, त्याबद्दल लिहितो. जूनमध्ये ताईला आणि माईला बोलावून हक्कसोड करून घेणार आहेस. बाळ्या, थांब जरा. मी इथं काय बघितलं ते आधी ऐक.

मी जिच्या घरी राहतो तिला सगळे 'म्बाह पुत्री' म्हणतात, म्हणजे आजी. आपला पुत्री शब्द इथं आजीला लागतो. घर जुनं, लाकडी, 'लिमासान' पद्धतीचं. मधले चार मोठे खांब ते 'सोको गुरु'. २७ मे २००६ च्या पहाटे इथं भूकंप झाला आणि साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली. बांतुलमध्ये विटांची घरं पत्त्यांसारखी बसली. म्बाहच्या घराच्या विटांच्या भिंती पडल्या, पण सागवानी सांगाडा डोलून परत जागेवर उभा राहिला. ती अजून येता-जाता त्या खांबांवरून हात फिरवते. असं घर लाकडी खुंट्यांनी जोडलेलं असतं, त्यामुळे ते सोडवून दुसरीकडे उभं करता येतं. जमीन ठेवून नुसतं घर विकता येतं. शेजारच्या वाडीतलं एक असंच गेल्या महिन्यात उतरवलं, खांबांवर खडूनं खुणा केल्या आणि ट्रकवर घातलं. कुठल्याशा हॉटेलसाठी गेलं म्हणे. मागं उरलेला रिकामा चौथरा मला बघवला नाही.

घराभोवतीची जागा म्हणजे 'पकारांगान', आपलं परसू. नारळ, केळी, फणस, हळद, आलं, कोंबड्या. मीठ आणि साबण सोडून रोजचं बरंचसं तिथूनच निघतं. मागं गोठ्यात दोन गाई. दूध कोणी काढत नाही. पोराची फी भरायची वेळ आली की वासरू विकायचं, अशी ती शिल्लक. आणि 'सावाह', म्हणजे भातखाचरं. म्बाहची तीन तुकड्यांत मिळून वीस गुंठे. ऐकून तुला वाईट वाटेल, पण जावात अर्ध्या हेक्टरच्या आतले शेतकरीच जास्त. त्यांना 'पतानी गुरेम' असं नावच आहे. एवढ्याशा जमिनीत वर्षाला भाताची दोन पिकं आणि मग भुईमूग किंवा सोयाबीन.

जमीन इतकी थोडी म्हणूनच की काय, माणसं एकमेकांना घट्ट धरून राहतात. प्रत्येक दारावर एक लहान डबा टांगलेला असतो, त्यात रोज रात्री चिमूटभर तांदूळ ठेवायचे. गस्त घालणारे ते गोळा करत जातात आणि त्याचा पैसा वाडीच्या कामाला लागतो. याला 'जिंपितान' म्हणतात, आणि जिंपित म्हणजे चिमूटच! आता बरेच जण नाणं ठेवतात, म्बाह मात्र तांदूळच ठेवते. बायकांची 'आरिसान' म्हणजे हुबेहूब आपली भिशी. घर शाकारायला जमतात ती 'सांबातान', म्हणजे आपली इर्जिक, जी आपल्याकडे आजोबांबरोबर गेली.

मार्चमध्ये म्बाहच्या नवऱ्याचा हजारावा दिवस झाला. इथं तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असं करत हजाराव्या दिवसापर्यंत पाळतात. दोन्ही मुलगे आले. वाडीतल्या बायका आदल्या दिवसापासून चुलीपाशी होत्या. रात्री पुरुष चटयांवर बसले, प्रार्थना झाली, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात जेवणाचा डबा. त्या डब्याला 'बर्कात' म्हणतात. आपली बरकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटणीची बैठक. मी उठून जायला लागलो तर म्बाहनं हातानंच बस म्हणून खुणावलं. वाडीप्रमुख, ज्याला इथं 'दुकुह' म्हणतात, तो 'साक्सी' म्हणून आला होता. साक्सी म्हणजे साक्षी. इथं वाटणीच्या दोन रीती सांगतात. एक 'सपिकुल सगेंदोंग': मुलगा कावडीत दोन टोपल्या नेतो, मुलगी पाठीवर एक, म्हणून त्याला दोन वाटे आणि तिला एक. हे इस्लामच्या नियमाशी जुळतं. दुसरी 'सिगार समांका': कलिंगडाच्या दोन सारख्या फोडी. थोरला म्हणाला, आपण कलिंगडच कापू. घर मात्र धाकट्या बहिणीला, कारण बापाचं शेवटपर्यंत तिनं केलं.

सगळं इतकं सरळ झालं नाही. बहीण एकदम म्हणाली, रस्त्याकडेचा तुकडा दादाच्या कॉलेजसाठी विकला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. बाळ्या, इथं माणसं आवाज चढवत नाहीत. तीही हळूच बोलली. पण पुढे कितीतरी वेळ कुणाला बोलता येईना. चहा गार झाला. मग थोरला खाली बघून म्हणाला, तो तुकडा माझ्या वाट्यातून वजा करा. दुकुहनं वहीत तसं लिहिलं. खाचरं मात्र तोडली नाहीत. तीच कसणार, आणि भावांच्या वाट्याच्या जमिनीतलं निम्मं पीक त्यांना देणार. या पद्धतीला 'मारो' म्हणतात.

मला त्या क्षणी आमची आत्या आठवली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेली, नव्या साडीत. साडी आम्हीच घेतली होती. तिनं अंगठा दिला, फोटो काढला, आणि घरी येऊन सगळ्यांना वाढलं. मी तेव्हा पेढे वाटले होते. आता ते आठवलं की घास उतरत नाही.

महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. तू म्हणशील, आधीच दीड एकर, त्याचे किती तुकडे करू? तुकडे करूच नकोस. सातबाऱ्यावर तिघांची नावं राहू देत, कसायचं तू, आणि दर दिवाळीला बहिणींच्या घरी त्यांच्या वाट्याचा तांदूळ पोचता कर, भाऊबिजेची ओवाळणी म्हणून नाही, त्यांचं पीक म्हणून. आणि त्यांना सोडायचंच असेल तर ते त्यांनी स्वतः म्हणू दे. ताई नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तिच्यापुढे कागद ठेवू नकोस.

काल आत्याला फोन केला होता. म्बाहच्या घराचं, भाताचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "वडाखालच्या खाचरात यंदा तरवा टाकणार का रे तुम्ही? तिथं पाणी लवकर धरतं." तेच खाचर, जे तिनं आम्हाला लिहून दिलं.

मी २० जूनला पोचतोय. तोवर कचेरीची तारीख घेऊ नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बापू