‘इतर कलाकारांची साथ’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या हौशी मंडळाच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ नाटकाचं परीक्षण छापून आलं, त्याबद्दल आधी आभार. नायक अश्विनशेठच्या ‘मृगनयना’ या पदाला त्यात नऊ ओळी आहेत. नायिका रेवतीच्या ताना आणि तिचा शालू यांना मिळून सहा. ऑर्गन आणि तबल्याला दोन, त्या खरं तर आणखी हव्या होत्या. मग शेवटी एकच वाक्य : ‘इतर कलाकारांची साथ समाधानकारक.’

या ‘इतर’मध्ये नाटकातला संशयी नवरा, फाल्गुनराव येतात. आणि फाल्गुनराव म्हणजे आमचे हे.

अकरा वर्षं हे फाल्गुनराव करतायत आणि अकरा वर्षं ‘इतर’मध्ये आहेत. यांनी कधी तक्रार केली नाही. परीक्षण वाचलं, पेपरची घडी घातली आणि “समाधानकारक म्हणजे पास झालो,” एवढंच म्हणाले. पत्र मी लिहितेय ते त्यांना न विचारता.

आमच्या प्रयोगात फाल्गुनरावाला एकही पद नाही. आणि बरंच आहे, कारण यांना आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही. पण नाटक चालतं ते कुणाच्या जिवावर? रेवतीला भोवळ येते, हा बाबा तिला सावरायला जातो, बायको कृत्तिका ते नेमकं बघते, मग बायकोच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर सापडते, आणि तिथून पुढे सगळा घोळ. फाल्गुनरावाचा संशय पटला नाही, तर गाणी कितीही रंगोत, ती मैफल झाली. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यच लिहिलं होतं. पदं घालून ते गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं १९१६ साली, देवल गेले त्याच वर्षी. तेव्हा रेवती बालगंधर्वांची होती आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांचे. त्या बोडसांना कुणी ‘इतर’ म्हटलं असतं का?

दिवाळी झाली की आमचा दौरा निघतो. पहिला नारळ हरिपुरात, कारण देवल तिथले. मग कोल्हापूर, रत्नागिरी, आणि शेवटी गोवा. टेम्पोत सगळ्यात आधी ऑर्गन चढतो, गाद्यांत गुंडाळून, नव्या नवरीसारखा. मग पडदे, मग ट्रंका, उरलेल्या जागेत आम्ही. मी मंडळाची सभासद नाही. यांच्या साखरेच्या गोळ्या, मिशीचा डिंक आणि डबा सांभाळायला म्हणून जाते. शाळेतून रजा काढून जाते, हेही एकदा छापून येऊ दे.

मी नेहमी डावीकडची कडेची खुर्ची धरते. तिथून तो खांब दिसतो. आमच्या दिग्दर्शकांनी एका प्रवेशात फाल्गुनरावाला खांबाआड उभं केलंय, अश्विनशेठ गातो आणि हा चोरून ऐकतो. पद सात-आठ मिनिटांचं. वन्समोर आला की पंधरा. गाणाऱ्याकडे सूर आहे, ताल आहे, टाळ्या आहेत. खांबामागच्या माणसाकडे काय आहे? हलला तर गाण्यात लुडबूड होते आणि नुसता थिजून उभा राहिला तर खांब दोन होतात. हे काय करतात ते मी सांगते, कारण परीक्षकांनी ते पाहिलेलं दिसत नाही. पहिल्या ओळीला डावा हात खांबावर असतो. अंतरा सुरू झाला की करंगळी उचलतात, एकटी. मग एकेक बोट, जणू मनातल्या मनात पुरावे मोजतायत. समेवर येऊन हात मिटतो. बस, इतकंच. पण एकदा तिकडे नजर गेली की ती गाणाऱ्याकडे वळत नाही. (अश्विनशेठ करणारे आमचे शेजारीच आहेत, त्यांनी राग मानू नये.)

फोंड्याजवळच्या एका गावात, देवळाच्या उत्सवात, तीन वन्समोर झाले. पहाट व्हायला आली होती. माझ्या पुढे बसलेल्या एक आजी मांडीवरच्या झोपलेल्या नातवाला थोपटत होत्या, आणि तिसऱ्या वन्समोरला मान वळवून शेजारणीला म्हणाल्या, “तो खांबाकडचो बघ गो.” मला तेवढं पुरलं. तिकडचे लोक गद्यही ऐकतात. आपल्याकडे गद्य सुरू झालं की खुर्च्या वाजतात, वडे आणायला तेव्हाच जायचं असतं.

आणि वेळ कमी पडला की कात्रीही गद्यालाच. नाट्यगृह ठरल्या वेळेला रिकामं करायचं असतं. वन्समोर तर नाकारता येत नाहीत, ती आपली रीतच. मग विंगेतून प्रॉम्प्टर बोटांची कात्री करून दाखवतो, आणि फाल्गुनराव आणि त्यांचा नोकर भादव्या यांचा अर्धा प्रवेश गेला. एका गावी यांचं एक वाक्य कापलं गेलं, ज्यावर पुढचा हशा उभा होता. हशा आला नाही. परतीच्या गाडीत हे मिरज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

लोक मला विचारतात, नवऱ्याला असं संशयी बघताना कसं वाटतं? खरं सांगू? एकतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यावर एकदाही संशय घेतला नाही. फोन कुणाचा होता, एवढंसुद्धा विचारत नाहीत. पहिल्यांदा प्रयोग पाहिला तेव्हा वाटलं, हा सूर यांनी आणला कुठून? दुसऱ्या अंकात उलगडा झाला. महिनाअखेरीला दुधाचा हिशेब लागत नाही तेव्हा कॅलेंडरसमोर उभे राहून जसं हळू, गोड आवाजात विचारतात, “बारा तारखेला आपण दीडच लिटर घेतलं होतं ना?” तोच सूर. तोच गोडवा, आणि मागे तीच ठसठस. कृत्तिकेला तसबिरीबद्दल विचारताना सगळं नाट्यगृह हसतं आणि मी दूधवाल्याला आठवून हसते. कृत्तिका करणारी मुलगीही काही कमी नाही. भांडणाआधी पदर कमरेला खोचून तो दोनदा ओढायची माझी सवय तिने उचलली आहे. विचारलं तर म्हणते, “काकू, योगायोग.”

पुढचा प्रयोग सांगलीतच आहे. परीक्षकांना निमंत्रण जाईलच आणि ते नेहमीप्रमाणे मधल्या तिसऱ्या रांगेत बसतील. माझी विनंती एवढीच, की त्या एका पदापुरतं त्यांनी डावीकडे यावं. माझ्या शेजारची खुर्ची मी पर्स ठेवून राखीन.

आपली,
फाल्गुनरावांची बायको (कृत्तिका नव्हे, दुसरी),
मिरज